बडोद्याची बाग आणि बडोद्यातली खोली

1875 साली आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळराव बडोद्याला गेला. महाराणी जमनाबाईंनी त्याला दत्तक घेतलं आणि तो सयाजीराव महाराज झाला. 1917च्या सप्टेंबरात, याच महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले डॉ. आंबेडकर नोकरीसाठी बडोद्याला गेले आणि त्यांना राहायला खोली मिळाली नाही. मालेगाव-नाशिककडे कवळाण्याची गोष्ट शाळेतल्या मुलांनाही पाठ असते. खोलीची गोष्ट ज्यांच्या घरात सांगितली जाते ती घरं निराळी. मला त्याच शहरात फिरत दोन्ही गोष्टी एकत्र पाहायच्या होत्या. म्हणून 23 सप्टेंबर मध्ये येईल अशा बेताने या वर्षी, 2025 मध्ये, आत्याकडे बडोद्याला गेले.

रविवार, 21 सप्टेंबर

नाशिकहून सापुताऱ्यामार्गे येणारी रात्रीची बस पहाटे स्टेशनाशेजारच्या डेपोत पोचली. सर्वपित्री अमावस्या होती. आत्याकडे सकाळपासून स्वयंपाकाची गडबड, त्यामुळे तिने चहा हातात देऊन मला आणि काकांना घराबाहेरच काढलं. "दीडला पानं मांडते, त्याआधी या," म्हणाली.

आत्याचं घर दांडिया बाजारात, आत गल्लीतल्या जुन्या वाड्यात. लाकडी खांब, मधला चौक, वर माडीवर दोन खोल्या. वाडा तिघा भावांच्या नावावर आहे. एक मुंबईला, एक गेले, राहिले काका. माडी गेल्या उन्हाळ्यापासून रिकामी आहे.

काका आयुष्यभर बडोद्यातच राहिले, बँकेत नोकरी केली, आणि शहर त्यांना पायांनी माहीत आहे. ते मला आधी पूर्वेला मांडवीपर्यंत घेऊन गेले. जुनं शहर म्हणजे गुजरातच्या सुलतानांच्या काळातला चौकोनी कोट. चार बाजूंना चार दरवाजे: लहरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट. चारही रस्ते मध्ये मांडवीला मिळतात. कोटाच्या भिंती आता राहिल्या नाहीत, पण रस्त्यांचा तो अधिक चिन्हासारखा आकार तसाच आहे. 1734 पासून शहर कायमचं गायकवाडांकडे आलं तेव्हा कोटाच्या आत जागा आधीच भरलेली होती. मराठी सरदार, कारकून, भिक्षुक, शिलेदार आले ते बहुतांशी पश्चिमेला, लहरीपुऱ्याबाहेर वसले. दिवाण रावजी आप्पाजींच्या नावाचं रावपुरा, त्यांच्या भावाच्या नावाचं बाबाजीपुरा. आजही मराठी पाट्या, मराठी मंगल कार्यालयं आणि चकलीच्या भाजणीची दुकानं याच पट्ट्यात दिसतात. अडीचशे वर्षांपूर्वी राजदरबाराशी कोणाचं किती जवळचं नातं होतं, ते आजच्या पत्त्यांवरून कळतं.

कोटातल्या पोळी, म्हणजे रात्री एकाच दरवाजाने बंद होणाऱ्या गल्ल्या, बघताना मी काकांना विचारलं की एका पोळीत एकच जात का असायची. ते म्हणाले, "सुरक्षिततेसाठी. रात्री पोळीचा दरवाजा लावला की आतले सगळे आपले." खरं आहे. दंगेधोपे, लुटालूट, आग यांच्यापासून पोळींनी माणसांना वाचवलं. एकमेकांच्या ओट्यावर बसून लोकांनी दुष्काळ आणि साथी काढल्या. पण हाच दरवाजा कोणाला आत घ्यायचं नाही हेही ठरवत होता. शहराला संकटात तगून राहण्याचं बळ ज्या गोष्टीने दिलं, तिनेच माणसांची वाटणी पक्की केली. हे दोन्ही एकाच दरवाजाचं काम आहे, आणि म्हणून हा इतिहास मला सोपा वाटत नाही.

परतताना भाऊ तांबेकरांचा वाडा पाहिला. ते 1849 ते 1854 गायकवाडांचे दिवाण होते. भिंतींवर कृष्णलीला आहेत, मराठे आणि इंग्रजांच्या लढाईची चित्रं आहेत, साधी घरगुती दृश्यंही आहेत. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात असल्यामुळे हा टिकला. त्याच्याच तोलाचे आसपासचे कितीतरी वाडे पडले आणि तिथे दुकानांच्या इमारती उभ्या राहिल्या.

जवळच जुम्मादादा व्यायाम मंदिर आहे. मला ही जागा फार आवडली. जुम्मादादा मुसलमान उस्ताद. त्यांचे शिष्य प्रोफेसर माणिकराव मराठी हिंदू. शिष्याने आखाड्याला गुरूचं नाव दिलं आणि ते नाव तसंच चालत आलं. काका तरुणपणी इथे मल्लखांब करायचे. बडोद्याच्या मराठी माणसाला आपल्या शहराचा अभिमान सांगायचा असेल तर राजवाड्याच्या आधी त्याने इथे पाहुण्यांना आणावं, असं मला मनापासून वाटतं.

न्यायमंदिराच्या इमारतीला बाहेरूनच वळसा घातला. 1896 सालची ही वास्तू महाराणी चिमणाबाईंच्या नावाची. 2018 मध्ये न्यायालयं दिवाळीपुऱ्यातल्या नव्या इमारतीत गेली आणि तेव्हापासून तिथली वर्दळ संपली. शंभरावर वर्षं खेड्यापाड्यांतले लोक कागदांच्या पिशव्या घेऊन या पायऱ्यांवर बसत होते. इमारतीचं संग्रहालय व्हावं असं चाललं आहे, ते चांगलंच. पण त्या पायऱ्या पुन्हा बसण्यासाठी खुल्या राहाव्यात.

सोमवार, 22 सप्टेंबर

घटस्थापना. आत्याने परडीत माती घालून धान्य पेरलं, घट मांडला, आरती झाली. नंतर मी एकटी मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात गेले.

या ग्रंथालयाबद्दल वाचलं होतं, पण आत पाय ठेवल्यावर थबकायला झालं. लोखंडी मांडण्या मजल्यावर मजले चढत जातात आणि मधल्या फरश्या जाड काचेच्या आहेत, म्हणजे वरचा उजेड खालच्या पुस्तकांपर्यंत पोचावा. सयाजीरावांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावलं. 1910 पासून त्याने संस्थानभर ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं. शहरात मध्यवर्ती ग्रंथालय, तालुक्याला आणि गावाला लहान ग्रंथालयं, आणि जिथे तेही नाही तिथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या फिरायच्या. त्याआधीच, 1906 मध्ये, संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं होतं. सुरुवात 1893 ला अमरेलीत झाली होती. ब्रिटिश हिंदुस्थानात गोखल्यांनी ज्यासाठी विधेयक मांडलं आणि ते नामंजूर झालं, ते इथे राज्यकर्त्याने करून दाखवलं.

पण याच राज्यात 1880च्या दशकात अस्पृश्यांसाठी ज्या शाळा निघाल्या त्या वेगळ्या होत्या. त्यांत शिकवायला सवर्ण हिंदू शिक्षक तयार होईनात, म्हणून मुसलमान शिक्षक आणि पुढे आर्यसमाजी मंडळी कामाला आली. पंडित आत्माराम यांनी या मुलांच्या वसतिगृहांसाठी बडोद्यात मोठं काम केलं. आंबेडकर 1913 च्या जानेवारीत पहिल्यांदा बडोद्यात नोकरीला आले तेव्हा त्यांनाही आसरा मिळाला तो आर्यसमाजाच्या जागेत. हुकमाने शाळा निघते, वर्गात शेजारी बसण्याची तयारी मात्र हुकमाने होत नाही. सयाजीरावांबद्दल माझ्या मनात आदरच आहे, आणि आदर असल्यामुळेच त्यांचा हुकूम कुठे जाऊन थांबला ते पाहावंसं वाटतं.

दुपारी आतेबहिणीने समा भागातल्या तिच्या घरी जेवायला बोलावलं होतं. तिचं घर तळमजल्यावर. भिंतीवर साधारण माझ्या छातीच्या उंचीला रंगाची एक फिकट रेघ आहे. 2024 च्या ऑगस्टमधल्या पुराची. विश्वामित्री नदी काळा घोडा पुलापाशी धोक्याची पातळी 26 फुटांची असताना 37 फुटांवर गेली होती. त्याआधी 2019 च्या 31 जुलैला एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस झाला, तेव्हाही हाच भाग बुडाला होता. बहिणीचं कुटुंब दोन रात्री शेजाऱ्यांच्या गच्चीवर होतं. वीज नाही, पिण्याचं पाणी नाही, आणि आवारात मगर. विश्वामित्रीत चारशेहून जास्त मगरी आहेत. पूर आला की त्याही सोसायट्यांमध्ये येतात आणि वन खात्याची आणि स्वयंसेवी संस्थांची माणसं त्यांना धरून परत सोडतात. भारतात एवढ्या मोठ्या वस्तीच्या मधोमध एवढ्या मगरी सांभाळणारं दुसरं शहर मला माहीत नाही. बहीण त्या माणसांबद्दल फार कृतज्ञतेने बोलते.

नवं बडोदं का बुडतं ते तिचे सासरे समजावून सांगत होते. ते पूर्वी सिंचन खात्यात होते. जुनं शहर नदीच्या पूर्वेला उंचवट्यावर आहे. नदी पावागडहून येते, शहरातून वेटोळी घेत जाते आणि तिच्या दोन्ही अंगांना कोतरं, म्हणजे घळी, होती, तळी होती. भूखी, रूपारेल, मसिया या कांसांमधून, म्हणजे नैसर्गिक नाल्यांतून, पाणी सावकाश नदीला मिळायचं. शहर पश्चिमेला आणि उत्तरेला पसरलं तेव्हा कोतरांत भराव पडले, कांसांवर रस्ते आले, तळ्यांच्या जागी प्लॉट पडले. वर पुन्हा आजव्याचं पाणी. शहराला पाणी मिळावं म्हणून सयाजीरावांनी 1885 ला आजव्याच्या धरणाचं काम सुरू केलं आणि 1892 ला तिथून उताराने, पंपाशिवाय, पाणी शहरात आलं. कॉलरा आणि विहिरींवरची भांडणं यांतून शहर त्याने सोडवलं. आजही जुन्या शहराचा मोठा भाग तेच पाणी पितो. पण आजवा भरला की जादा पाणी विश्वामित्रीतच सोडावं लागतं, आणि ते वाहून जायला वाटच अरुंद झाली आहे.

"पुराला जातपात नाही असं म्हणतात," सासरे म्हणाले, "पण भिंत कोणाची पडते आणि गाडी कोणाची भिजते, फरक आहे ना, बेटा." नदीकाठच्या झोपड्यांत राहणाऱ्यांनी दर पावसाळ्यात हे सोसलंय. कल्याणनगरसारख्या वस्त्या काठावरून हटवल्या गेल्या आणि माणसं शहराच्या कडेला, कामापासून दूर गेली. 2024 चा पूर बंगल्यांतही शिरला, म्हणून नदीचा गाळ काढणं आणि पात्र रुंद करणं यंदा जोरात झालं. हे काम व्हायलाच हवं होतं. ते आधी का झालं नाही, याचं उत्तर पाणी आधी कोणाच्या घरात शिरत होतं त्यात आहे.

रात्री गरबा. मोठ्या मैदानांचे पास असतात, ते आम्ही काढले नव्हते. गल्लीतल्या चौकात अंबेमातेच्या फोटोभोवती पंचवीस-तीस बायका आणि मुली फिरत होत्या. आत्याही दोन फेऱ्या घेऊन आली. तिथे पास नव्हता, तरी आलेल्या सगळ्या ओळखीच्याच होत्या.

मंगळवार, 23 सप्टेंबर

सकाळी सातला सयाजीबागेत पोचले. बडोदेकर तिला अजूनही कमाटीबाग म्हणतात. महाराजांनी 1879 मध्ये ही बाग लोकांसाठी खुली केली. शंभरावर एकरांची जागा. मधून विश्वामित्री वाहते. प्राणिसंग्रहालयाला तिकीट आहे, बागेत शिरायला काहीच लागत नाही. चालायला आलेले आजोबा, लाफिंग क्लब, क्रिकेट खेळणारी पोरं, बाकावर अभ्यास करणारे विद्यार्थी, गवतावर डबा उघडून बसलेलं बांधकाम मजुरांचं कुटुंब. बाहेर पुलाजवळ काळा घोडा, म्हणजे सयाजीरावांचा अश्वारूढ पुतळा. लोकांनी वर्गणी काढून 1907 मध्ये उभारलेला. एखाद्या राजाने प्रजेला इतकी मोठी जागा देऊन टाकावी आणि ती दीडशे वर्षांनंतरही तशीच सगळ्यांची असावी, याचं मोल मोठं आहे.

आणि इथेच ते बसले होते.

आंबेडकरांनी पुढे स्वतः लिहून ठेवलंय. महाराजांनी त्यांना स्टेशनावर उतरवून घ्यायला सांगितलं होतं, असं चरित्रात आहे. कोणी आलं नाही. हिंदू खानावळी, धर्मशाळा घेणार नाहीत हे माहीत होतं, म्हणून ते एका पारशी उतारशाळेत गेले. तिथल्या रखवालदाराने आधी नकार दिला, मग नोंदवहीत पारशी नाव लिहायचं या बोलीवर दिवसाला दीड रुपयाने ठेवून घेतलं. वरच्या मजल्यावर ते एकटे. बाकं, मोडक्या खुर्च्या, अडगळ, दिवा नाही. रखवालदार संध्याकाळी कंदील आणून द्यायचा. दिवसभर अकाउंटंट जनरलच्या कचेरीत काम. अकराव्या दिवशी सकाळी कचेरीला निघताना, ग्रंथालयातून आणलेली पुस्तकं परत करायला म्हणून हातात घेत असतानाच, दहा-बारा पारशी काठ्या घेऊन जिना चढून आले. संध्याकाळपर्यंत जागा सोड, नाहीतर बघून घेऊ, असं म्हणाले.

ग्रंथालयातून आणलेली पुस्तकं. काल त्या काचेच्या फरशीवर उभी असताना मला हा तपशील सारखा आठवत होता. ग्रंथालयाने त्यांना पुस्तक दिलं, कचेरीने टेबल दिलं, बागेने बाक दिला. घर कोणीच दिलं नाही. दोन मित्र होते, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. हिंदू मित्र म्हणाला, तू आलास तर माझे नोकर जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, पत्नी गावाहून आली की विचारतो. आंबेडकरांना ठाऊक होतं की ती दोघं मुळात ब्राह्मण आणि बाईंच्या मनातून सोवळं गेलेलं नाही. दिवाणांकडे अर्ज केला होता, सरकारी बंगल्यासाठी. त्यांनीही काही केलं नाही. मुंबईची गाडी रात्री नऊला. मधले पाच तास काढायला ते या बागेत आले. शहर आणि कॅम्प, म्हणजे इंग्रजांची छावणी, यांच्या हद्दीवरची बाग, असं तिचं वर्णन त्यांनी केलंय. लहान मुलांना एकटं पडल्यावर आईवडील आठवतात तसे आपल्याला आठवले, असंही लिहिलंय. आठ वाजता बागेतून उठले, सामान घेतलं आणि निघाले. शिष्यवृत्तीच्या करारानुसार दहा वर्षं नोकरी करायची होती. तीत ते दोन आठवडेसुद्धा पुरते टिकू शकले नाहीत, कारण शहराने रात्रीसाठी छप्पर दिलं नाही.

वडाखाली त्यांनी समाजाला या स्थितीतून बाहेर काढण्याचा संकल्प केला, ही आठवण लोकांनी जपली. ती जागा आता संकल्पभूमी. 2022 मध्ये राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाने तिला राष्ट्रीय महत्त्वाचं स्मारक करावं अशी शिफारस केली, साताऱ्याच्या प्रतापराव भोसले हायस्कुलाबरोबर, जिथे भिवा आंबेडकर शिकला.

आज तिथे सकाळपासून माणसं येत होती. पांढऱ्या साड्या, निळे झेंडे, मेणबत्त्या, पुस्तकांचे स्टॉल. निम्मं बोलणं गुजराती, निम्मं मराठी: भुसावळ, धुळे, नंदुरबार, कल्याण. खानदेशातल्या एका गटाबरोबर मी सतरंजीवर बसले. त्यांनी चपाती आणि मिरचीचा ठेचा पुढे केला. शेजारी प्रतापनगरला राहणारे एक आजोबा होते. त्यांचे आजोबा अंमळनेरकडून रेल्वेच्या कामाला आले आणि इथेच राहिले. मी विचारलं, "काका, तुम्हाला घर मिळताना त्रास झाला?"

"क्वार्टर होतं तोवर नाही. क्वार्टर म्हणजे सरकारचं, नंबराप्रमाणे मिळायचं. रिटायर झाल्यावर शोधायला लागलो तेव्हा कळलं. फोनवर सगळं ठीक. नाव सांगितलं की, हो का, आमचं जरा आधीच ठरलंय." ते शांतपणे बोलत होते. "शेवटी आमच्याच लोकांनी सोसायटी केली. चांगली आहे. बुद्धविहार आहे, वाचनालय आहे, मुलांचे क्लास चालतात. पण बाई, आम्ही वेगळे राहिलो ते आवड म्हणून नाही."

त्यांच्या सोसायटीतल्या क्लासमधून तीन मुलं यंदा विद्यापीठात गेली, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. पोळीने लोकांना जे बळ दिलं, तेच या वस्तीने त्यांना दिलं. फरक इतकाच की पोळीचा दरवाजा आतल्यांनी लावला होता. इथे दार बाहेरच्यांनी लावलं आणि आतल्यांनी त्यामागे शाळा उभी केली. त्यांना "जय भीम" म्हणून निघताना माझे पाय जड झाले होते. दुपारभर मी बागेतच बसून राहिले. दुसरं काही पाहावंसं वाटलं नाही.

बुधवार, 24 सप्टेंबर

सकाळी रावपुऱ्यात शेव-उसळ खाल्ली. वाटाण्याची उसळ, वर झणझणीत तरी, शेव, पाव. आपल्या मिसळीची ही बडोद्यातली बहीण असावी. नाक पुसत पुसत विद्यापीठात गेले.

तिथलं मुख्य ग्रंथालय हंसा मेहता यांच्या नावाचं आहे. 1949 ला महाराजा सयाजीराव विद्यापीठ झालं त्याच्या पहिल्या कुलगुरू त्याच. ज्या दिवाणांकडून आंबेडकरांना घर मिळालं नाही ते मनुभाई मेहता. हंसाबेन त्यांची मुलगी. नागर ब्राह्मण घरातल्या या मुलीने वैश्य डॉ. जीवराज मेहतांशी लग्न केलं तेव्हा जातीने गदारोळ केला, आणि सयाजीराव तिच्या बाजूने उभे राहिले. पुढे घटना समितीत हंसाबेन आणि आंबेडकर एकाच सभागृहात होते. 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात "सर्व पुरुष" याऐवजी "सर्व माणसं" जन्मतः समान, असा बदल झाला तो त्यांच्या आग्रहामुळे. वडिलांच्या टेबलावर जो अर्ज अडला, त्यातला प्रश्न मुलीने जगापुढे नेला, असं मला त्या वाचनकक्षात बसून वाटत होतं. घराण्याचा इतिहास माणसाला बांधून ठेवतोच असं नाही.

तिथून आतेबहिणीच्या गाडीवर हरणीला गेले. मला जायचं होतं, तिला नव्हतं. हरणीच्या मोटनाथ तलावात 18 जानेवारी 2024 ला शाळेच्या सहलीची बोट उलटली. बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त जण, सगळ्यांना जीवरक्षक जाकिटं नाहीत. गावाचा तलाव ठेक्याने चालवायला दिला की तिकीट येतं, बोट येते, आणि जबाबदारी कोणाची ते शोधत बसावं लागतं. तलाव शांत होता. बहिणीची मुलगी त्याच वयाची आहे. आम्ही फार थांबलो नाही.

त्याच हरणीत मोटनाथ रेसिडेन्सी आहे, मुख्यमंत्री आवास योजनेतली 462 घरं. 2017 मध्ये एका मुस्लिम महिलेला सोडतीत तिथे घर मिळालं. त्या संकुलातली ती एकटीच मुस्लिम. काही रहिवाशांनी तिचं घर रद्द करा म्हणून निवेदनं दिली, 2024 मध्ये पुन्हा आंदोलन केलं. सरकारी सोडत होती, म्हणजे नंबराप्रमाणे. प्रतापनगरचे आजोबा म्हणाले होते तसंच. तरीही. काही रहिवाशांनी अशांत धाऱ्याचाही हवाला दिला. हा कायदा 1991 चा. दंगलीच्या भीतीने लोकांनी मातीमोलाने घरं विकू नयेत म्हणून घोषित भागांत विक्रीला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. हेतू रक्षणाचा होता. आज तोच कायदा कोणी कुठे राहायचं नाही हे सांगायला पुढे केला जातो. पोळीचा दरवाजा लाकडाचा होता, दिसायचा तरी.

संध्याकाळी वाड्यात परत आले तर माडीसाठी दलालाचा फोन आला होता. मुलगा धुळ्याचा, विद्यापीठात चित्रकला शिकतो, घरी मराठी बोलतात, तीन वर्षं राहील. आत्या खूश होती. काकांनी पहिला प्रश्न विचारला, "आडनाव काय?"

आत्याने सांगितलं. काका गप्प झाले. मग म्हणाले, "माझं काही नाही गं. पण शेजारचे, मुंबईचा दादा... वर देवघर आहे त्या भिंतीला लागून."

मी बोलले. मोठ्या माणसाशी जपून बोलायला हवं हे मला कळतं, पण बोलले. म्हटलं, काका, काल तुमच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर मी ज्या झाडाखाली बसले होते तिथे एक माणूस पाच तास बसला होता, तो याच प्रश्नामुळे. तुम्ही जुम्मादादांच्या आखाड्यात मल्लखांब केलात. तिथे कोणी तुम्हाला आडनाव विचारलं होतं का? काका चिडले नाहीत. "आखाडा वेगळा आणि घर वेगळं," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, हेच तर चुकतंय. आपण बाग सगळ्यांची करतो, ग्रंथालय सगळ्यांचं करतो आणि घरापाशी येऊन थांबतो. राजाचा हुकूम जिथे थांबला त्याच्या पुढचं आपण करायचं आहे, आणि ते करायला राजा लागत नाही, दोन खोल्या पुरतात.

आत्या इतका वेळ भाजी निवडत होती. तिने दलालाला फोन लावला आणि सांगितलं, "त्याला शनिवारी सकाळी खोल्या बघायला पाठवा. पाणी सहा ते पावणेसात येतं, वीज मीटरप्रमाणे वेगळी, आणि जेवायचं असेल तर तसं आधी सांगायला सांगा." काकांनी मुंबईला दादांना फोन केला; ते म्हणाले, विचार करून कळवतो.

मी रात्रीच्या बसने नाशिकला परतले. शनिवारी दुपारी काकांना फोन करणार आहे. दादांचं उत्तर नाही असेल तर मुंबईला जाऊन त्यांच्याशी स्वतः बोलेन. आत्यालाही बरोबर यायचं आहे.